फिजिओचं रजिस्ट्रेशन: इंटर्नशिपपासून क्लिनिकच्या बोर्डापर्यंत आणि पुढे परदेशापर्यंत

दरवर्षी इंटर्नशिप संपत आली की ज्युनियर पोरापोरींचे ठरलेले मेसेज चालू होतात, ताई रिझल्ट तर लागला आता होम व्हिजिट घेतल्या तर चालतील का, क्लिनिकसाठी गाळा बघून ठेवलाय बोर्ड रंगवायला टाकू का, आणि त्यातल्या निम्म्यांना कौन्सिल म्हणजे नक्की कुठलं कौन्सिल हेच क्लिअर नसतं. कॉलेजात साडेचार वर्षं शोल्डरचे सगळे स्पेशल टेस्ट पाठ करून घेतात पण रजिस्ट्रेशनवर एक धड लेक्चर होत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. युनिव्हर्सिटी तुम्हाला डिग्री देते, प्रॅक्टिस करायचा हक्क देत नाही. तो हक्क येतो कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव चढलं की. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं, त्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे का, आणि ते तुमच्या बाकीच्या कागदांवर जसं आहे तसंच आहे का.

कौन्सिल वेगळं, असोसिएशन वेगळी

महाराष्ट्रात आपलं कौन्सिल म्हणजे महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद, सगळे बोलताना ओटीपीटी कौन्सिल म्हणतात. त्याचा कायदा नावाने २००२ चा आहे पण अधिनियमाचा नंबर २००४ चा पडलाय, त्यामुळे कुठे २००२ दिसेल कुठे २००४, दोन्ही एकच कायदा, गोंधळू नका. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि पीटी (फिजिओथेरपी) एकाच छत्रीखाली का असं बरेच जण विचारतात, तर आपल्याकडे दोन्ही कोर्स जवळपास एकत्रच वाढलेत, केईएममध्ये कमला निंबकरांनी १९५० ला ओटीची शाळा काढली आणि त्यानंतर लगेच दोनतीन वर्षांत तिथेच फिजिओथेरपीचीही सुरू झाली.

आता इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स, म्हणजे आयएपी. ही १९५५ पासूनची संघटना आहे, कॉन्फरन्स घेते, आपली बाजू मांडते, तिची लाइफ मेंबरशिप घ्यायला काहीच हरकत नाही, मीही घेतलीये. पण ती संघटना आहे, लायसन देणारी बॉडी नाही. आयएपीचा नंबर म्हणजेच रजिस्ट्रेशन नंबर असं समजून लेटरहेड छापणारे लोक मी बघितलेत, उद्या कुठे तक्रार झाली आणि कोणी कौन्सिलचा नंबर मागितला तर हा नंबर दाखवून काही उपयोग नाही. नोकरीच्या फॉर्मवर दोन वेगळे रकाने असतात, मेंबरशिप आणि रजिस्ट्रेशन, ते नीट वाचून भरा.

युनिव्हर्सिटीचं काम म्हणजे परीक्षा आणि डिग्री. आपल्याकडे बहुतेकांचं नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, बाकीच्यांचं कुठलं ना कुठलं अभिमत विद्यापीठ. युनिव्हर्सिटीचा पीआरएन आणि एनरोलमेंट नंबर म्हणजे सुद्धा रजिस्ट्रेशन नव्हे, हेही विचारतात लोक.

पहिलं काम: इंटर्नशिप चालू असतानाच फाईल करायला घ्या

इंटर्नशिप संपल्यावर बघू असं म्हणालात की तीन चार महिने कसे जातात कळत नाही, कारण एक कागद कॉलेजकडे, दुसरा युनिव्हर्सिटीकडे, तिसरा त्या क्लार्ककडे जो गणपतीपर्यंत सुट्टीवर आहे. म्हणून एक साधी प्लास्टिकची फाईल घ्या आणि त्यात आत्तापासून टाकत जा: दहावीचं मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट, बारावीचं मार्कशीट, चारही वर्षांची मार्कशीट (एटीकेटी लागली असेल तर प्रत्येक अटेम्प्टची वेगळी, ती फाडून फेकू नका, परदेशात तीच मागतात), इंटर्नशिप कम्प्लिशन सर्टिफिकेट, पासिंग सर्टिफिकेट, डिग्री आली की डिग्री, टीसी, आधार, पत्त्याचा पुरावा आणि एकाच सेशनमधले पासपोर्ट साईज फोटो.

इंटर्नशिप सर्टिफिकेट हातात पडलं की तिथेच काउंटरवर उभं राहून वाचायचं. सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, नावाचं स्पेलिंग, प्रिन्सिपलची सही, गोल शिक्का. बाळंतपण, आजारपण, नापास विषय यामुळे इंटर्नशिप पुढे सरकली असेल तर सर्टिफिकेटवर खरी संपल्याची तारीख आहे का ते बघा, कारण बॅचच्या सगळ्यांना एकच तारीख टाईप करून द्यायची सवय असते काही कॉलेजांना, आणि मग मार्कशीटच्या तारखेशी ती जुळत नाही. त्याच दिवशी दुरुस्त करून मिळतं, वर्षाने गेलात तर अर्ज करा, फी भरा, फेऱ्या मारा.

सगळं स्कॅन करा, नीट स्कॅन, मोबाईलने तिरका काढलेला फोटो नाही, आणि प्रत्येक फाईलला कागदाचं नाव द्या. आत्ता कंटाळा येतो पण ही स्कॅन पुढची वीस वर्षं कामाला येतात.

दुसरं काम: नावाचा घोळ, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे

अर्ज अडकण्याची कारणं बघितली तर फी नाही, मार्क नाहीत, नाव असतं. आणि हा खास आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांचा त्रास आहे.

तुमचं दहावीचं मार्कशीट काढून समोर ठेवा. त्यावर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव वेगळ्या ओळीत. समजा पाटील स्नेहल विजय. आधारवर तीच पोरगी स्नेहल विजय पाटील. पासपोर्टवर दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव, तिथे एजंटने कधी स्नेहल विजय घातलं तर कधी नुसतं स्नेहल. पॅनवर वडिलांचं नाव विजयकुमार. आणि युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाचा फॉर्म भरताना कुणीतरी स्नेहलच्या इंग्लिश स्पेलिंगला शेवटी एक जास्तीचा ए लावलेला, तो चारही वर्षं तसाच मार्कशीटवर चालत आला. आपल्याला हे सगळं एकाच पोरीचं नाव दिसतं, दुबईत बसलेल्या व्हेरिफिकेशनवाल्याला ही तीन वेगळी माणसं दिसतात. पाटील हे त्याला तिचं पहिलं नाव वाटतं.

मग करायचं काय? तर दहावीचं सर्टिफिकेट हे मूळ धरा, बाकी सगळं त्याच्याशी जुळवत आणा. युनिव्हर्सिटीच्या कागदावर स्पेलिंग चुकलं असेल तर डिग्री छापायच्या आधी दुरुस्तीचा अर्ज टाका, कारण डिग्री छापून आल्यावर तोच बदल डबल त्रासाचा होतो. आडनाव आधी की नंतर एवढाच फरक असेल तर स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट बहुतेक ठिकाणी चालतं, की ही दोन्ही नावं माझीच. पण अक्षरं वेगळी असतील किंवा वडिलांचं नावच वेगळं पडत असेल तर फक्त अ‍ॅफिडेव्हिटवर विसंबू नका, राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. अर्ज ऑनलाईन होतो, पान छापून आलं की त्याची पीडीएफ जपून ठेवा.

लग्न झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलींसाठी वेगळं सांगते. कौन्सिलमध्ये नाव बदलायचंच असा काही नियम तुमच्या मागे लागलेला नाहीये. डिग्रीवरच्या माहेरच्या नावाने रजिस्ट्रेशन करून आयुष्यभर त्याच नावाने प्रॅक्टिस करता येते, पेशंटही त्याच नावाने ओळखतात. बदलायचं असेल तर जरूर बदला, पण मग सगळीकडे बदला, कौन्सिल, पॅन, आधार, पासपोर्ट, बँक, आणि मॅरेज सर्टिफिकेट व राजपत्र कायम फाईलला लावा. अर्धं इकडे अर्धं तिकडे हे सगळ्यात वाईट. माझं मत विचाराल तर परदेशात जायचा विचार मनात कुठेतरी असेल तर डिग्रीवालं नावच ठेवा, सासूबाईंना समजावणं डेटाफ्लोला (परदेशासाठी आपले कागद तपासणारी कंपनी) समजावण्यापेक्षा सोपं आहे.

तिसरं काम: प्रत्यक्ष अर्ज

अर्ज कौन्सिलच्या साईटवरून करायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही. सायबर कॅफेवाला किंवा कॉलेजबाहेरचा एजंट म्हणेल मी करून देतो, पण तो स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाईल नंबर टाकून मोकळा होतो आणि मग रिन्युअलचा ओटीपी त्याच्याकडे जातो, तो मात्र तोवर दुकान बदलून गेलेला. ईमेल तुमचा, आणि तोही कॉलेजने दिलेला नको, पर्सनल.

फीचा आकडा मी मुद्दाम देत नाही, तो बदलत राहतो आणि जुना आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो, साईटवर त्या दिवशी जो असेल तो खरा. पेमेंटची पावती स्क्रीनशॉट न ठेवता पीडीएफ ठेवा.

अर्ज भरताना पत्ता कायमचा द्या, भाड्याच्या रूमचा देऊ नका. क्वालिफिकेशनमध्ये डिग्री जशी छापलीये तशीच लिहा. आरोग्य विद्यापीठाची डिग्री बीपीटीएच असते, बऱ्याच अभिमत विद्यापीठांची आणि बाहेरच्या राज्यांची बीपीटी, काय फरक पडतो म्हणून एकाच्या जागी दुसरं लिहू नका, क्वेरी निघते. क्वेरी निघाली की घाबरायचं नाही, जो कागद मागितलाय तेवढाच, मागितलेल्या फॉरमॅटमध्ये द्यायचा, सोबत चार जास्तीचे कागद जोडले तर चार नवीन क्वेरी येतात.

ओरिजिनल कागद दाखवायला बोलावलं तर फाईल घेऊन स्वतः जा, पोस्टाने ओरिजिनल डिग्री कोणालाच पाठवू नका.

आणि नंबर येईपर्यंत काय? तर स्वतःच्या नावाने स्वतंत्र प्रॅक्टिस नाही. सीनियरच्या क्लिनिकमध्ये त्याच्या देखरेखीखाली शिकत राहणं एक गोष्ट झाली, पण स्वतः होम व्हिजिटचे पैसे घेऊन स्ट्रोकचा पेशंट हाताळणं आणि पावतीवर सही करणं ही दुसरी. समजा त्या आजोबांना तुमच्यासमोर उभं करताना पडून फ्रॅक्चर झालं, तर घरच्यांचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल ते तुम्हीच ओळखा.

एमपीटीएच, म्हणजे फिजिओतली मास्टर्स, केलंत तर तीही क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये चढवून घ्या, तिचा वेगळा अर्ज असतो आणि निम्मे लोक तो करायचाच विसरतात, बोर्डावर मात्र न्यूरो स्पेशालिस्ट लिहून मोकळे.

बाहेरच्या राज्यात शिकलेले, बाहेरच्या राज्यात जाणारे

कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा इकडची बरीच मुलं बेळगावला किंवा कर्नाटकात आणखी कुठे शिकतात आणि परत येऊन गावात क्लिनिक टाकतात. डिग्री मान्यताप्राप्त असली तरी महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्राच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतंच, आणि बाहेरच्या युनिव्हर्सिटीकडून व्हेरिफिकेशन मागवलं जाऊ शकतं, त्यात वेळ जातो, म्हणून गावाला यायच्या आधीच प्रोसेस चालू करा. ज्या राज्यात शिकलात तिथे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेतलेलं असेल तर तिथून एनओसी किंवा गुड स्टँडिंग (तुमच्यावर कारवाई चालू नाही असं सर्टिफिकेट) घ्यायचं.

उलट्या दिशेनेही तसंच. दिल्लीचं स्वतःचं फिजिओ आणि ओटी कौन्सिल आहे, कायदा १९९७ चा, गुजरातचा स्वतःचा कायदा २०११ चा. नवऱ्याची बदली सुरतला झाली म्हणून महाराष्ट्राच्या नंबरवर तिथे क्लिनिक टाकलं असं करू नका, तिथल्या कौन्सिलला विचारा. काही राज्यांत वर्षानुवर्षं वेगळं कौन्सिलच नव्हतं, आणि त्यामुळेच तिथे सहा महिन्यांचा कोर्स करून फिजिओ म्हणवणाऱ्यांचं पीक आलं, हे आपण सगळेच जाणतो.

आता हा नवीन राष्ट्रीय कायदा काय आहे

२०२१ साली संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. लांबलचक नाव आहे, सगळे एनसीएएचपी म्हणतात. डॉक्टरांना, नर्सेसना, डेंटिस्टना देशपातळीवर नियमन कधीच होतं, आपल्याला आणि आपल्यासारख्या बाकीच्यांना नव्हतं, ते यात आलं. एकूण दहा गट केलेत आणि त्यात फिजिओथेरपीचा स्वतंत्र गट आहे. कायदा झाला पण राज्यं हललीच नाहीत, शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून सांगावं लागलं की अंमलबजावणी करा. आता प्रत्येक राज्य आपापल्या गतीने राज्य परिषदा उभ्या करतंय.

तुमच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

एक म्हणजे व्याख्या. कायद्याच्या शेवटी जी अनुसूची आहे तिच्यात फिजिओथेरपी प्रोफेशनल म्हणजे कोण हे लिहिलंय, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे किंवा टीमचा भाग म्हणून प्रॅक्टिस करू शकतो, आणि किमान पात्रता पदवी. तपासणी, स्क्रीनिंग, डायग्नोसिस, ट्रीटमेंट हे सगळे शब्द त्यात आहेत, व्यायामापासून मोबिलायझेशन, मॅनिप्युलेशन, इलेक्ट्रोथेरपीपर्यंत सगळं. तुम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट बघूच शकत नाही असं कोणी तोंडावर म्हणालं तर भांडत बसू नका, त्या अनुसूचीचं पान मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. पण याचा अर्थ औषधं लिहायची, इंजेक्शन द्यायची असा होत नाही, ते आपलं काम नाही आणि डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीवर लिहून देणारा फिजिओ सगळ्या प्रोफेशनला खड्ड्यात घालतो. रात्रीची दुखणी, विनाकारण वजन उतरणं, लघवीवरचा ताबा जाणं, असलं काही दिसलं की मशीन न लावता सरळ डॉक्टरकडे पाठवायचं आणि तसं लिहून ठेवायचं.

दुसरी गोष्ट, रजिस्टर. या कायद्यात राज्य रजिस्टर आणि केंद्रीय रजिस्टर अशी व्यवस्था आहे आणि नोंद नसलेल्या माणसाने प्रॅक्टिस करणं किंवा नोंद असल्याचं खोटं सांगणं हा गुन्हा आहे. मग आता महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन काढायचं की थांबायचं? हा सध्याचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं उत्तर, थांबायचं नाही. आज तुमच्या हातात असलेलं लायसन तेच आहे, आणि पुढे जेव्हा नव्या रजिस्टरकडे जायची वेळ येईल तेव्हा ज्यांची फाईल पूर्ण आहे त्यांना कागद शोधत फिरावं लागणार नाही.

जाता जाता, जे अजून अ‍ॅडमिशनच्या स्टेजला आहेत त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात नीटवरूनच सीईटी सेलमार्फत फिजिओची अ‍ॅडमिशन होत आलीये. एप्रिल २०२५ मध्ये नवीन राष्ट्रीय अभ्यासक्रम आलाय, त्यात एक वर्षाच्या इंटर्नशिपसकट पाच वर्षं धरलीत, आपली जुनी साडेचार होती. कॉलेज निवडताना ब्रोशरवर कोणाचे फोटो आहेत ते बघण्यापेक्षा कौन्सिलची आणि युनिव्हर्सिटीची मान्यता त्या वर्षासाठी आहे का ते बघा.

नावापुढे डॉक्टर लावायचं का

यावर लोक इतके भांडलेत की कंटाळा आला. घटनाक्रम एवढाच: २०२५ च्या त्या अभ्यासक्रमात नावाआधी डॉक्टर आणि नावानंतर पीटी असं लावायला मोकळीक दिली, मग ९ सप्टेंबर २०२५ ला आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं की लावू नका, म्हणजे जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, आणि लगेच १० तारखेला ते पत्र मागे घेतलं. त्यानंतर विषय कोर्टातही गेला. माझा सल्ला प्रॅक्टिकल आहे, लावायचं तर नावानंतर पीटी आणि खाली फिजिओथेरपिस्ट हा शब्द तेवढ्याच ठळक अक्षरात पाहिजे, आणि त्याच्याखाली रजिस्ट्रेशन नंबर. पेशंटला क्षणभरही असं वाटता कामा नये की तो हाडांच्या डॉक्टरकडे आलाय. आणि नुसतं नाव लिहिलं म्हणून कोणाचा पेशंट तुटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

क्लिनिक टाकताना

कौन्सिलचं सर्टिफिकेट फ्रेम करून अशा ठिकाणी लावा की बसल्या जागेवरून पेशंटला वाचता येईल. ओरिजिनल नको, कलर झेरॉक्स लावा, पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ओरिजिनलची वाट लागते.

बाकी कागदांमध्ये प्रोफेशनल टॅक्सचं पीटीईसी, वर्षाला २५०० रुपये, ते स्वतःच्या प्रॅक्टिससाठी लागतं आणि न भरता साचलं की दंड व्याजासकट येतो. गुमास्ता आणि महापालिका किंवा नगरपालिकेच्या परवानग्या जागेप्रमाणे बदलतात, तुमच्या वॉर्ड ऑफिसला किंवा सीएला विचारा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये क्लिनिक टाकणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी, मशीन नंतर. ट्रीटमेंटच्या फीवर जीएसटी नाही कारण आरोग्यसेवा सुटीत आहे, पण बेल्ट, नी कॅप, थेराबँड विकायला ठेवलेत तर ती वस्तूंची विक्री झाली, तिचा हिशोब वेगळा ठेवायचा.

ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून उपचार) किंवा वेट कपिंग (कप लावून थोडं रक्त काढणं) करत असाल तर हे नीट वाचा. वापरलेली सुई म्हणजे जैववैद्यकीय कचरा. २०१६ चे नियम छोट्या क्लिनिकलाही लागू आहेत, सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची ऑथोरायझेशन व कचरा नेणाऱ्या कॉमन फॅसिलिटीशी करार हवा. सुया कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकणारे आहेत, त्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करा. शिवाय नीडलिंगचं वीकेंडचं सर्टिफिकेट म्हणजे कायद्याने मिळालेला अधिकार नव्हे, आधी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग ट्रेनिंग, आणि मग पेशंटची लेखी संमती.

पेशंटची नोंद ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण फिजिओवर तक्रार येते ती कशामुळे, तर हॉट पॅकने भाजलं, मॅनिप्युलेशननंतर दुखणं वाढलं, किंवा हात लावताना आधी सांगितलं नाही. डायबेटिक पेशंटच्या पायावर हीट लावायच्या आधी सेन्सेशन तपासलं होतं का? तपासलं असेलच तुम्ही, पण कागदावर नसेल तर तपासलं नाही असंच धरलं जातं. पेसमेकर, प्रेग्नन्सी, मेटल इम्प्लांट, हे तीन प्रश्न केस पेपरवर छापूनच घ्या. स्त्री पेशंट असेल आणि पेल्विक फ्लोअर, छाती, मांडी असा भाग असेल तर आधी शब्दात सांगा, संमती घ्या, सोबत बाईमाणूस ठेवा, पुरुष फिजिओंनी तर नक्कीच.

तक्रार दोन तीन ठिकाणी जाऊ शकते, कौन्सिलकडे गेली तर चौकशी होऊन नाव रजिस्टरमधून काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, ग्राहक आयोगात गेली तर भरपाई, कारण पैसे घेऊन दिलेली सेवा आहे. त्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी इन्शुरन्स मिळतो, प्रीमियम फार नसतो, पण घेताना पॉलिसीत फिजिओथेरपिस्ट असं स्पष्ट लिहून घ्या आणि होम व्हिजिट कव्हर आहे का ते विचारा.

रिन्युअल

रजिस्ट्रेशन एकदा काढलं की आयुष्यभराचं असं नाही, सर्टिफिकेटवर मुदत असते, ती मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीचा रिमाइंडर लावून टाका. सीपीडीचे, म्हणजे डिग्रीनंतर चालू ठेवायच्या शिक्षणाचे, पॉइंट लागतात, त्यामुळे वर्कशॉपला गेलात की सर्टिफिकेटवर कौन्सिलने दिलेले क्रेडिट छापलेत का ते पैसे भरायच्या आधीच आयोजकांना विचारा. नुसतं चकचकीत सर्टिफिकेट आणि बॅग देणारे वर्कशॉप खूप झालेत. मुलं लहान म्हणून चार पाच वर्षं घरी बसलेल्या मैत्रिणींना खास सांगणं, प्रॅक्टिस बंद असली तरी रजिस्ट्रेशन चालू ठेवा, परत सुरू करताना लेट फी आणि खुलासे यातून सुटका होते.

परदेशात जायचं असेल तर

इथे प्रत्येक देशावर वेगळा लेख होईल, मी फक्त दरवाजा कुठे आहे ते दाखवते.

अमेरिकेत लायसन देशाचं नसून राज्याचं असतं, टेक्सासचं वेगळं न्यूयॉर्कचं वेगळं. परीक्षा मात्र एकच, एनपीटीई, ती एफएसबीपीटी घेते, २०० ते ८०० च्या स्केलवर ६०० ला पास. त्याआधी तुमच्या डिग्रीचं मूल्यमापन होतं, एफसीसीपीटी नावाची संस्था ते करते, आणि आपल्या जुन्या डिग्रीत क्रेडिट कमी पडतात म्हणून बरेच जण तिथे वाढीव कोर्स करतात. म्हणूनच आधी राज्य ठरवा, मग त्या राज्याच्या बोर्डाच्या अटी वाचा, मग पैसे भरा. परीक्षेचे जुने प्रश्न विकणाऱ्या क्लासपासून चार हात लांब राहा. २०१० मध्ये असेच प्रश्न फुटल्याच्या प्रकरणात भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्तमध्ये शिकलेल्या सगळ्यांची परीक्षाच थांबवली होती, प्रामाणिकपणे अभ्यास करणारेही त्यात भरडले गेले.

यूकेत एचसीपीसी या तिथल्या कौन्सिलचं रजिस्टर, फिजिओथेरपिस्ट हा शब्दच तिथे कायद्याने राखीव आहे, रजिस्टरवर नसताना वापरला तर गुन्हा. आयईएल्ट्स अ‍ॅकॅडमिकला एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. कोर्समध्ये काय काय शिकवलं आणि क्लिनिकल तास किती याचा तपशील लागतो, तो कॉलेजकडून सही शिक्क्याने घ्यावा लागतो, आणि कॉलेजला तो लिहायची सवय नसते, त्यामुळे तुम्हीच ड्राफ्ट करून न्या. रजिस्ट्रेशन दर दोन वर्षांनी रिन्यू.

ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिल आधी कागद तपासते, मग लेखी, मग क्लिनिकल परीक्षा, मस्क्युलोस्केलेटल, न्यूरो आणि कार्डिओरेस्पिरेटरी अशा तिन्ही भागांत. आपल्याकडे ऑर्थोच्या ओपीडीत रमलेली मुलं कार्डिओरेस्पिरेटरीला गडबडतात, आयसीयूची पोस्टिंग झोपून काढली असेल तर इथे उघडं पडतं. मग बोर्डाचं रजिस्ट्रेशन, दरवर्षी रिन्यू, वर्षाला २० तास सीपीडी.

गल्फला जाणारे आपल्याकडचे सगळ्यात जास्त. दुबईत डीएचए, अबुधाबीत डीओएच, सौदीत एससीएफएचएस, या तिथल्या लायसन देणाऱ्या संस्था, प्रत्येकाचं वेगळं, पण कागदांची खातरजमा बहुतेक ठिकाणी डेटाफ्लो करते. म्हणजे ते तुमचं सर्टिफिकेट तुमच्याकडून घेतात आणि थेट युनिव्हर्सिटीला, कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला विचारतात की हे खरं आहे का. इथे दोन गोष्टी फसतात, एक तो वरचा नावाचा घोळ, आणि दुसरं म्हणजे अनुभवाचं सर्टिफिकेट. ज्या क्लिनिकने लेटरहेडवर लिहून दिलं त्या क्लिनिकचा लँडलाईन बंद, ईमेल बंद, डॉक्टर परगावी, मग रिपोर्ट निगेटिव्ह नाही तर अनिर्णित येतो आणि नोकरीची ऑफर हातातून जाते. म्हणून नोकरी सोडतानाच अनुभव पत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, फुल टाइम की पार्ट टाइम, आणि चालू असलेला ईमेल लिहून घ्या, आणि एचआरमध्ये जो कोणी असेल त्याला सांगून ठेवा की असा असा मेल येईल, स्पॅममध्ये बघा.

सगळीकडे एक कागद कॉमन लागतो, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे या व्यक्तीवर कारवाई चालू नाही असं आपल्या कौन्सिलने लिहून देणं. त्याची मुदत थोडी असते, काढून वर्षभर कपाटात ठेवलं तर फुकट जातं, आणि रजिस्ट्रेशन लॅप्स असेल तर ते मिळणारच नाही. आधी रिन्युअल, मग गुड स्टँडिंग, मग डेटाफ्लो, याच क्रमाने. तिकीट सगळ्यात शेवटी.